एकोणनव्वदच्या आत

१२ मार्च

दादा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न फोडताच कपाटावर टाकलं असतंस, म्हणून पत्ता माझ्याकडे गाडी शिकणाऱ्या एका बाईंकडून लिहून घेतला. फोन तू उचलणार नाहीस. सहा वर्षांत मीही कधी लावला नाही, तेव्हा त्याबद्दल बोलायला मला तोंड नाही.

तू आजारी असल्याचं कळलं. कुणाकडून, ते विचारू नकोस. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास त्या मशीनला जोडून घेतात म्हणे. जन्मभर खांद्यावर तिपाई टाकून लोकांच्या जमिनी मोजत हिंडलास, अंगावर मूठभर मांस नाही, आणि किडन्या गेल्या त्या तुझ्या. ब्लडप्रेशरच्या गोळ्या दोन वर्षं कचऱ्याच्या डब्यात टाकत होतास, हेही कळलं. "मला कसलं आलंय ब्लडप्रेशर, ते जाड्या माणसांना होतं," असंच म्हणाला असशील. मी तिथे नव्हते, तरी मला तुझा आवाज ऐकू आला.

मी बरी आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्येच आहे अजून. दिवसाला सात जण, प्रत्येकी पाऊण तास. मी शेजारच्या सीटवर बसते, माझ्या पायाशी एक जादा ब्रेक आहे, आणि त्या ब्रेकवर माझा, शिकणाऱ्याचा आणि रस्त्यावरच्या सगळ्यांचा जीव टिकून आहे. मागच्या वर्षापासून सीटचा पट्टा पुरत नाही, जोडपट्टा लावते. लहानपणी मला रोलर म्हणायचास. आता रोलर दुसऱ्यांना गाडी शिकवतो, असं समज.

सहज लिहिलं. काम काही नाही.

तुझी बहीण

१४ एप्रिल

दादा,

उत्तराची वाट बघत नव्हते, त्यामुळे आलं नाही याचं काही वाटलं नाही. हे खोटं आहे, पण लिहून झालंय तर राहू दे.

सध्या मी चालते. सकाळी पहिला शिकाऊ यायच्या आधी, कालव्याच्या कडेने पस्तीस मिनिटं. सुरुवातीला तिसऱ्या बाकावर टेकावं लागायचं, आता सातव्यावर टेकते. एका आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता दिलाय, तो फ्रिजवर लावलाय. गाडीच्या कप्प्यात बिस्किटांचे पुडे असायचे, तिथे आता काकडी असते. काकडी आल्यापासून मी फार चिडचिडी झाले आहे. काल एका बँकेतल्या बाईंना म्हटलं, "मॅडम, तो आरसा केस बघायला दिलेला नाही." त्या रडायलाच लागल्या. मग गाडी कडेला घेतली आणि अर्धी काकडी त्यांना दिली.

एकशे एकोणीस किलो होते, एकशे सोळावर आले. गुडघ्यांसाठी करते आहे. गुडघे फार दुखतात.

तुझी बहीण

२ जुलै

दादा,

पत्रं नको असतील तर परत पाठव. परत येत नाहीत, म्हणजे वाचतोस असं मी धरून चालले आहे.

अडीच महिन्यांत सहा किलो गेले आणि काटा एकशे तेरावर रुतून बसला. पाच आठवडे हलायचं नाव नव्हतं. मी तक्त्याबाहेरचा एक घास खाल्लेला नाही. चोरून खाल्लं असतं तर तुझ्याजवळ नाही, पण स्वतःजवळ तरी कबूल केलं असतं. मला वाटलं आहारतज्ज्ञ बाई माझ्यावर डोळे वटारणार. त्या म्हणाल्या, "तुमचं काही चुकत नाहीये. वजन उतरायला लागलं की शरीरच घाबरतं. भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. बहुतेकांचं इथेच अडतं." हे वाक्य तू ऐकायला हवं होतंस.

म्हणून आता भूक कमी करायचं इंजेक्शन सुरू केलंय. आठवड्यातून एकदा, पोटावर, आपलं आपणच टोचायचं. तिसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली. आमचा रोजचा रस्ता एका बेकरीवरून जातो. त्या दिवशी तिथून गाडी गेली, पुढच्या चौकात पोचलो, आणि बेकरी उघडी होती की बंद हे मला आठवेना. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. तुला हे कळणार नाही. तुला नेहमी वाटत आलं की ती बेकरी सगळ्यांना सारखीच दिसते, फक्त मलाच स्वतःला आवरता येत नाही.

मळमळतं खूप. वळणावर तर फारच. पण चालायचं.

वहिनी म्हणाली, तुझं हिमोग्लोबिन फार खाली गेलंय. झालं, तिचं नाव लिहून बसले. कुणाकडून कळतं ते आता तुला समजलंच. तिला काही बोलू नकोस, तिचा काही दोष नाही.

तुझी बहीण

२३ सप्टेंबर

दादा,

सहा वर्षांनी तुझं अक्षर आलं. नकाशावर लिहितोस तसं, सुटं सुटं आणि सरळ. "हॉस्पिटलच्या किडनी-रोपण कोऑर्डिनेटरकडून सगळं कळलं. माझ्यासाठी ऑपरेशनच्या टेबलावर चढलीस तर त्या दिवसापासून माझं डायलिसिस बंद." खाली सहीसुद्धा नाही.

ठीक आहे. मग मीही आता काही झाकत नाही. गुडघे दुखत नाहीत माझे.

फेब्रुवारीत वहिनीचा फोन आला. तिचा रक्तगट तुझ्याशी जुळत नाही. मी तपासून घेतलं आणि माझा रक्तगट जुळला. किडनीच्या डॉक्टरांनी कागद बघितले, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढ्या वजनावर मी तुमची किडनी काढणार नाही. ऑपरेशन धोक्याचं, आणि मागे उरलेल्या एका किडनीवर भार फार. एकोणनव्वदच्या आत या." तीस किलो, दादा. मी विचारलं, कसे? त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. चालणं आणि जेवण सांभाळणं यांनी पाच-सात टक्के वजन उतरतं, आणि ते टिकवताना नाकीनऊ येतात. इंजेक्शनने साधारण पंधरा टक्के, पण वर्ष-सव्वा वर्ष जातं, आणि थांबवलं की बरंचसं परत येतं. पोटाच्या ऑपरेशनने वर्षभरात पाव वजन जातं, पण जठराचा मोठा भाग कापून टाकतात, तो काही परत लावता येत नाही. "आणि चालणं आणि जेवण सांभाळणं त्यानंतरही सुटत नाही," हे वर. मी म्हटलं, मी पहिल्यापासून सुरुवात करते. मला त्या तिसऱ्याकडे जायचंच नव्हतं. का, ते तुला माहीत आहे.

इंजेक्शनने एकशे सहापर्यंत आले होते. मग ऑगस्टमध्ये तीन दिवस उलट्या झाल्या, घोटभर पाणी पोटात ठरेना, आणि रक्त तपासलं तर माझ्याच किडनीचे आकडे चढलेले. ज्या किडनीसाठी हे सगळं चाललं होतं तिलाच धक्का. आकडे आठवड्याने खाली आले, पण इंजेक्शन बंद केलं, आणि महिन्यात तीन किलो परत अंगावर. डॉक्टर म्हणाले, अगदी कमी मात्रेपासून पुन्हा सुरू करता येईल, पण वर्ष लागेल. तुझ्याकडे वर्ष आहे का, असं मी विचारलं. त्यांनी पोटाच्या सर्जन बाईंचा नंबर लिहून दिला.

आता त्या दिवसाबद्दल. तुझी बाजू तुला माहीत आहे, माझी एकदा ऐक. सहा वर्षांपूर्वी मी त्याच ऑपरेशनसाठी हॉस्पिटलचा गाऊन घालून, हाताला सुई टोचून बसले होते. तो निर्णय मी दीड वर्ष विचार करून घेतला होता. तू आत आलास आणि सर्जनच्या देखत म्हणालास, "हिला तोंड आवरता येत नाही म्हणून पोट कापायचं?" नर्सने मान खाली घातली. मी सुई काढून घेतली आणि घरी गेले. त्या दिवशी मी एकशे चार किलोची होते. पुढचे पंधरा किलो मी तुझ्यावरच्या रागाने खाल्ले.

काल वहिनीने मला बाबांचं सांगितलं. मी सात वर्षांची होते, मला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं, मला फक्त बाबा आजारी होऊन गेले एवढंच माहीत. हर्नियाचं साधं ऑपरेशन, भूल दिली आणि ते उठलेच नाहीत. बाहेर तू एकटा, पंधरा वर्षांचा. आणि करून घ्या म्हणून तूच त्यांच्या मागे लागला होतास. लग्नाच्या वीस वर्षांत तू तिला हे एकदाच सांगितलंस म्हणे.

मला एकदाही सांगितलं नाहीस. त्या दिवशी "मला भीती वाटते" एवढं म्हणाला असतास तर मी वेगळ्या कारणाने घरी गेले असते.

बहीण

११ ऑक्टोबर

दादा,

सर्जन बाईंना भेटले. शांत आहेत, बोलताना पेन फिरवत नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "मी दुसऱ्यासाठी कुणाचं जठर कापत नाही. उद्या तुमच्या भावाने किडनी घ्यायला नकार दिला, किंवा त्यांना काही झालं, तरी तुम्हाला हे ऑपरेशन हवं आहे का? आठ दिवसांनी सांगा."

आज सांगून आले. हवं आहे, माझ्यासाठी. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, मग तारीख दिली. तारीख तुला सांगत नाही.

बहीण

४ नोव्हेंबर

दादा,

हे पत्र वहिनीकडे देऊन ठेवते आहे. मी आत गेल्यावर ती तुला देईल. काही चुकलं तर तुझ्यामुळे झालं असं मानू नकोस, तुझ्या सांगण्याने मी काहीच केलेलं नाही. आणि उद्या, माझ्या ऑपरेशनच्या दिवशीच, तुझा डायलिसिसचा वार आहे. जा.

१९ नोव्हेंबर

दादा,

आता बसून लिहिता येतं. पोटावर पाच छोटी भोकं आहेत. दिवसभर चमच्याने पातळ पदार्थ घेते, दोन चमच्यांमध्ये घड्याळ बघते. तिसरा चमचा घाईने घेतला तर छातीत असं दुखतं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वहिनीला फोन केला, तिने उचलला नाही. पाचदा केला. सहाव्यांदा उचलून म्हणाली, "काल ते डायलिसिसला गेलेच नाहीत. छातीत पाणी भरलंय, दम लागलाय, इथे खालीच तातडीच्या विभागात आणलंय." मी चौथ्या मजल्यावर, तू पहिल्या. मला वाटलं, तू बोललास ते करून दाखवलंस. मी घंटा दाबत राहिले, पण मला काय हवंय ते नर्सला सांगता येईना.

संध्याकाळी वॉर्डातल्या मावशी चादर बदलायला आल्या. म्हणाल्या, "काल तुमचा कोण होता तो वाळका माणूस? सकाळपासून ऑपरेशनच्या दाराशी बाकावर बसून. म्हटलं, दादा, पाणी देऊ का, तर नको म्हणाला. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन 'झालं, बरी आहे' म्हणाल्या, तेव्हा कुठे उठला. भिंत धरून गेला बिचारा."

दादा, मी त्यांना तू कोण ते सांगितलं.

तुझ्या घरचा कागद आला, त्या बाकाचा विषय काढायचा नाही म्हणून. वहिनीचं अक्षर, पण वाक्य तुझं. बरं, नाही काढत. पण पुन्हा डायलिसिस चुकवलंस तर मी आहे तशी, या भोकांसकट, तुझ्या दारात येऊन बसेन.

तुझी बहीण

१२ फेब्रुवारी

दादा,

अठ्ठ्याण्णव. जोडपट्टा गाडीतून काढून टाकला. केस गळतात, थंडी फार वाजते, जन्मभर घ्यायच्या गोळ्यांचा डबा पर्समध्ये असतो. कालवा आता न टेकता पार होतो.

तू माझ्या रक्ताशी जुळवून बघायला गुपचूप रक्त देऊन आलास असं कळलं. मी काही बोलत नाही. बोलले तर तू माघार घेशील.

तुझी बहीण

२० मे

दादा,

हे मीच सांगायचं असं मी वहिनीला आणि डॉक्टरांना बजावलंय. म्हणून हे पत्र लवकर वाच.

मागच्या आठवड्यात मी सत्त्याऐंशी किलो भरले. शेवटचा स्कॅन राहिला होता. दोन्ही किडन्यांमध्ये खडे निघाले. सुरुवातीच्या तपासणीत नव्हते. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?" मी काय सांगणार? या उरलेल्या पोटात पाणी घोटाघोटानेच जातं, आणि मी दिवसभर रस्त्यावर गाडीत. बाईमाणसाने जायचं कुठे? म्हणून सकाळपासून पाणी कमीच प्यायचं, ही वीस वर्षांची सवय. त्यात वजन झपाट्याने उतरलं. त्यांनी फाइल मिटली. "एकच किडनी ठेवली आणि तिच्यात खडा अडकला तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू? ही किडनी मी घेणार नाही." मी हात जोडले. ते उठून खिडकीपाशी गेले, पण नाही म्हणजे नाही.

आता मी कुणालाच न सांगितलेली गोष्ट. सर्जन बाईंना मी खोटं सांगितलं होतं. माझ्यासाठी नव्हतंच ते. आणि खरं सांगू, पुरतं तुझ्यासाठीही नव्हतं. मला तुला ती किडनी द्यायची होती आणि मग तू उरलेला जन्म माझ्यासमोर बसून मान खाली घालून जेवलेला बघायचा होता. कालव्यावर चालताना मी हेच घोकत चालायचे. उलट्या होत होत्या तेव्हाही हेच. वहिनी म्हणते बहीण असावी तर अशी, आणि माझी मान वर होत नाही.

स्कॅनच्या दिवशी हॉस्पिटलच्या गाडीतळावर दीड तास बसून राहिले. वाटलं, आता हे कापलेलं पोट घेऊन मी काय करू? मग शिकवणीची वेळ झाली म्हणून गेले. शिकणारी मुलगी चढावर गाडी बंद पाडत होती, ती मागे घरंगळली, मी ब्रेक दाबला, मागे वळून बघितलं. आणि लक्षात आलं, मी मागे वळून बघितलं होतं. पूर्वी मला मान आणि खांदा वळवून बघताच यायचं नाही, मी आरशावर भागवायचे. एवढंच. पण मला ते आवडलं. खोटं बोलले होते, त्यातलं थोडं खरं निघालं बहुतेक.

तुला किडनी देऊ शकत नाही, दादा. एवढंच सांगायला एवढं लिहिलं.

बहीण

९ जुलै

दादा,

आठवड्यातून तीनदा तू माझ्या शेजारी बसतोस, तरी पत्र लिहिते आहे, कारण गाडीत आपण दोघं रस्त्याबद्दल सोडून काही बोलत नाही.

त्या गुरुवारी तू ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभा राहिलास तेव्हा मी तुला आधी ओळखलंच नाही. तू मला ओळखलंस की नाही, विचारायचं राहिलं. तू म्हणालास, "बरं झालं." माझा पारा चढला. "काय बरं झालं?" तर म्हणालास, "तुझी किडनी घेतली असती तर जन्मभर तुझ्या ताटाखालचं मांजर झालो असतो. तूच लिहिलंस की." मी हसले, मग रडले, आणि ती वर्ष झालं तरी शिकतच असलेल्या बँकेतल्या बाईंच्या शिकवणीची वेळ होती, त्या बिचाऱ्या किल्ली हातात घेऊन उभ्या. त्यांच्या देखत तू म्हणालास, "त्या दिवशी घाबरलो होतो मी. घाबरलो की मला वाईटच बोलता येतं." चुकलो, असं तू म्हणाला नाहीस. मी त्यासाठी अडून बसले नाही.

प्रतीक्षायादीत तुझा नंबर केव्हा लागेल ते कुणी सांगत नाही. तोवर मंगळ, गुरू, शनी मी तुला नेणार, हे ठरलेलं आहे, त्यावर वाद नको. तिथे तुला मशीनआधी आणि मशीननंतर काट्यावर उभं करतात. परवा दोन किलो जास्त भरलास आणि नर्सने "पाणी जास्त झालं का?" विचारलं, तेव्हा तू चोरी पकडल्यासारखा जमिनीकडे बघत राहिलास. तुला तसं बघताना मला आनंद व्हायला हवा होता, इतकी वर्षं त्याचीच वाट बघितली. नाही झाला. मला त्या नर्सचाच राग आला.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुला दिवसाला एकच लिटर पाणी. मला अडीच, घोट घोट करत, नाहीतर खडे. म्हणून तू गाडीत असलास की मी बाटली सीटखाली सरकवते आणि तू आत गेल्यावर पिते. मला वाटलं तुला कळत नाही. शनिवारी सिग्नलला माझ्या कमरेत कळ आली आणि मी स्टिअरिंगवर वाकले. तू विचारलंस, "आज किती प्यायलीस?" मी म्हटलं, "पिते नंतर." "नंतर म्हणजे मी आत गेल्यावर." वाकलास, सीटखालून बाटली काढलीस, झाकण उघडून माझ्यासमोर धरलीस. "पी." मी म्हटलं, तुझ्यासमोर नाही. तू म्हणालास, "सिग्नल सुटायच्या आत पी."

मी प्यायले. तू बाटलीतलं पाणी उतरताना बघत होतास, तुझे ओठ सुकलेले होते. मग झाकण लावलंस आणि बाटली मांडीवर धरून बसलास. पुढच्या सिग्नलला न बोलता पुन्हा उघडलीस. हॉस्पिटल येईपर्यंत चार सिग्नल लागतात.

गाडीत बोलायचं राहिलं ते इथे लिहिते: पुन्हा सीटखाली लपवणार नाही. हे पत्र संध्याकाळी वहिनीच्या हातात देईन. उद्या साडेसातला खाली उतर. बाटली भरून तुझ्या सीटवर ठेवलेली असेल.

तुझी बहीण